भरल्या गाडीचा वेग

आमच्या ह्यांना डेपोत सगळे ‘काटा’ म्हणायचे. लग्न होऊन मी या घरात आले आणि पहिल्याच आठवड्यात एक कंडक्टर जिन्याखालून ओरडला, “वहिनी, काटा आहे का घरात?” मी वर शिलाई मशीनवर बसले होते. मला वाटलं, शेजारचा कोणी वजनकाटा मागायला आलाय. “आमच्याकडे फक्त टेप आहे,” असं मी वरूनच सांगितलं. तो कंडक्टर पायरीवर बसून हसला, आणि पुढं कित्येक वर्षं डेपोच्या चहात माझी ही गोष्ट साखरेसारखी विरघळत राहिली.

नावामागचं कारण साधं होतं. ह्यांच्या वाट्याला आलेल्या बसमधला वेग दाखवणारा काटा मेलेला होता. गाडी धावो की थांबो, तो आपला शून्यावर पडून. वर्कशॉपचा मेकॅनिक म्हणायचा, “पुढच्या आठवड्यात बसवतो.” तो पुढचा आठवडा काही उजाडला नाही. दुसऱ्या कोणी अंदाजपंचे गाडी हाकली असती, पण हे पडले हट्टी. रस्त्याच्या कडेला किलोमीटरचे दगड होते, मनगटावर घड्याळ होतं. एका दगडापासून दुसऱ्या दगडापर्यंत दीड मिनिट लागलं तर ताशी चाळीस, एक मिनिट लागलं तर साठ. असं मोजता मोजता इंजिनाचा कुठला सूर म्हणजे कुठला वेग, हे ह्यांच्या कानात पक्कं बसलं. मग दगडांचीही गरज उरली नाही. सुरावरून वेग, घड्याळावरून वेळ, दोन्हींचा गुणाकार केला की आपण किती आलो ते कळतं. प्रवाशानं “किती राहिलं हो?” विचारलं तर हे बाहेर न बघताच सांगायचे, आणि ते बरोबर निघायचं.

एकदा डोंगरावरच्या रस्त्यावर असं धुकं उतरलं की बसला बसचंच नाक दिसेना. पुढं वळण, आणि वळणाला लागून अरुंद पूल. कंडक्टर म्हणाला, थांबू या. हे म्हणाले, थांबलो तर मागून येणारा अंगावर चढेल. ह्यांनी घड्याळ काढून कंडक्टरच्या हातात दिलं, गाडी एकाच सुरात ठेवली आणि म्हणाले, “पाच मिनिटं झाली की ओरड.” तो ओरडला, ह्यांनी चाक वळवलं, आणि टायरांखाली पुलाचे लोखंडी सांधे वाजले. कंडक्टर ही गोष्ट सांगताना दर वेळी धुकं थोडं दाट करतो, पण पूल मात्र आहे तिथंच ठेवतो, म्हणून माझा तिच्यावर विश्वास आहे.

आता असल्या माणसाबरोबर संसार करायचा म्हणजे काय, ते मला विचारा. माझं काम टेपचं. कापडावर टेप लावली, आकडा दिसला, कात्री चालवली. जे समोर आहे ते मोजायचं. हे न दिसणाऱ्या गोष्टी मोजत बसणार. मुलाच्या वेळी मला कळा सुरू झाल्या, टॅक्सी बोलावली, मी मागच्या सीटवर दात-ओठ खातेय आणि हे पुढं बसून सांगतायत, “ताशी तीसनं चाललोय. हॉस्पिटल इथून तीन किलोमीटर. अजून सहा मिनिटं लागतील.” मी ओरडले, “मला नका सांगू, त्याला सांगा!” टॅक्सीवाल्याला एवढं हसू आलं की त्याची गाडी बंद पडता पडता राहिली. सहा मिनिटांनी फाटक आलं. मुलगाही तेवढा थांबला. तेव्हापासून ह्यांचा समज असा की पोरानं बापाचं ऐकलं ते पहिल्यांदा आणि शेवटचं.

नोकरीच्या शेवटच्या वर्षांत डेपोवाले नव्या ड्रायव्हरांना शिकायला ह्यांच्या शेजारी बसवायचे. त्या पोरांना ह्यांचा एकच धडा असायचा, आणि तो घरीही इतक्यांदा ऐकवला गेला की मला तो झोपेतही म्हणता येईल. “किल्ली फिरवायच्या आधी मागं वळून बघ. गाडी भरलेली आहे की रिकामी? भरली गाडी आणि रिकामी गाडी, या एक गाडी नव्हेत. दोघींचा वेग वेगळा. भरल्या गाडीचा वेग मनात धरून रिकामी काढलीस तर पुलाच्या पुढं जाशील आणि मग पूल कुठं गेला म्हणून शोधत बसशील.” पोरं माना डोलवायची आणि पाठ वळली की नक्कल करायची. नक्कल मी पाहिली आहे, चांगली करायचे.

निवृत्तीनंतर ह्यांचे डोळे बिघडले. पूर्ण गेले नाहीत, पण नजरेच्या मधोमध एक धुरकट डाग आला. समोर बघितलं की माणसाच्या तोंडाच्या जागी करडा गोळा. कडेचं मात्र दिसायचं. फुटपाथची कड दिसायची, अंगावर येणारी सायकल दिसायची. दुकानाची पाटी दिसायची नाही, घड्याळाचे काटे दिसायचे नाहीत. डॉक्टर म्हणाले, गेलेलं परत येणार नाही, आहे ते टिकवायचं. ह्यांनी मनगटावरचं घड्याळ काढून कपाटात ठेवलं त्या दिवशी ते जेवले नाहीत. मीही जेवले नाही. भूक नाही, असं दोघंही एकमेकांना सांगत होतो.

तोडगा माझ्या स्वयंपाकघरात निघाला. अंडी उकडायला मी एक चावीचा टायमर आणला होता, कोंबडीच्या आकाराचा. मान पिरगाळली की टिकटिक सुरू, वेळ भरली की टर्रर्र असा ओरडा. तिच्या कडेच्या आकड्यांवर मी नखांना लावायच्या रंगाचे ठिपके दिले. दर मिनिटाला बारीक, दर पाचाला जाड. रंग वाळून ठिपके टणक झाले. बोट फिरवून ह्यांना कोंबडी हवी तेवढ्या मिनिटांवर लावता येऊ लागली. आयुष्यभर बस चालवलेला माणूस खिशात कोंबडी घालून फिरू लागला. लोक हसले. हे म्हणाले, “हसू देत. त्यांच्या खिशात तेवढंही नाही.”

घरासमोर शाळेचं मैदान आहे आणि त्याला पळायची आखलेली वाट आहे, एक फेरी चारशे मीटरची. संध्याकाळी आम्ही दोघं तिथं चालायचो, हाताला हात धरून. एक फेरी मारली की कोंबडी दहा मिनिटं दाखवायची. आज दहा, उद्या दहा, इकडचं तिकडं नाही. ह्यांनी लगेच ठरवून टाकलं, “मिनिटाला चाळीस मीटर. ही आपली चाल.” मग काय, ब्रेडवाल्याकडे जाताना कोंबडी, पोस्टात जाताना कोंबडी. कोंबडी ओरडली की हे थांबायचे आणि म्हणायचे, “डावीकडे.” आणि डावीकडे दुकान असायचंच. मी सोबत असायचेच. मध्यंतरी एकदा हे एकटे गेले होते, पाइप टाकायला खणलेल्या खड्ड्यात पाय गेला आणि मनगट प्लॅस्टरमध्ये. तेव्हापासून मुलाचा दर फोनचा शेवट ठरलेला, “आई, बाबांना एकटं सोडू नकोस.”

आणि मग माझ्या गुडघ्यानं संप पुकारला. आमचं घर सायकलच्या दुकानावर, एक जिना चढून दोन खोल्या. त्या जिन्यावर मी एकेक पायरी रडत चढायला लागले. डॉक्टर म्हणाले, गुडघा बदलायचा. काही दिवस हॉस्पिटलात राहावं लागणार होतं.

मुलगा रजा काढून आला. त्याचं शहर लांब आहे, तिथं त्याचा फ्लॅट आहे, लिफ्ट आहे, सूनबाई समजूतदार आहे. पोरगा वाईट नाही, फक्त घाबरट आहे, आणि घाबरट माणूस प्रेम करायला लागला की फार बेत आखतो. त्याचा बेत तयार होता. माझं ऑपरेशन झालं की बाबांना घेऊन जायचं, मी बरी झाले की मलाही तिकडंच न्यायचं, आणि या दोन खोल्यांना कुलूप.

“थोडे दिवसच गं,” तो म्हणाला.

मला त्या कुलपाची भीती वाटली. म्हाताऱ्यांच्या घराला थोड्या दिवसांसाठी लावलेलं कुलूप मी इथल्या गल्लीत तीनदा पाहिलं आहे. एकही उघडलेलं नाही. तिकडं ह्यांना कुठला रस्ता माहीत? इथं डोळे नसले तरी चालतं, कारण गल्ली ह्यांच्या पायांत आहे. तिकडं हे सोफ्यावर बसून राहिले असते आणि वर्षभरात खरंच आंधळे झाले असते.

“मी कुठंही येणार नाही,” हे म्हणाले. “इथं राहीन आणि रोज संध्याकाळी चालत हिला भेटायला जाईन.”

“एकटे?”

“नाही, कोंबडी आहे.”

“बाबा, थट्टा नको. हॉस्पिटल किती लांब आहे?”

“आपल्या कोपऱ्यापासून फाटकापर्यंत आठशे मीटर. त्या रस्त्यानं मी बस नेली आहे. एकाच बाजूचा फुटपाथ, कुठं ओलांडायचं नाही. मिनिटाला चाळीस, म्हणजे वीस मिनिटं.”

मुलगा माझ्याकडे बघायला लागला. मी हातातलं शिवण खाली ठेवलं. म्हटलं, “घोडामैदान जवळच आहे. मला भरती केलं की त्याच संध्याकाळी येऊ देत ह्यांना. तू मागून चाल. तोंड उघडायचं नाही, हात धरायचा नाही. भेटीची वेळ पाच ते सहा. सहाच्या आत हे माझ्या खाटेपाशी पोचले तर घराची किल्ली ह्यांच्याकडे.”

“आणि नाही पोचले तर?”

“तर मी स्वतः बॅग भरतो,” हे म्हणाले. एवढ्या खात्रीनं म्हणाले की मला धडकी भरली.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी भरती झाले. दुसरा मजला, खिडकीजवळची खाट. खिडकीतून फुटपाथचा एक तुकडा, हॉस्पिटलचं फाटक आणि त्याच्या पुढचे दोन-तीन दिव्याचे खांब दिसायचे. समोरच्या भिंतीवर मोठं घड्याळ. पाच वाजता मी उठून खिडकीचे गज धरून उभी राहिले. सिस्टर म्हणाली, गुडघ्यावर भार नको. मी म्हटलं, उद्या हा गुडघा टाकूनच द्यायचाय, आज वापरून घेते.

पाच वीसला हे फाटकाशी यायला हवे होते. पाच पंधरालाच मला फुटपाथवर ह्यांची पांढरी टोपी दिसली. मी मनात म्हटलं, वा, लवकर आले. मग मी पाहिलं की हे थांबण्याच्या बेतात नाहीत.

हे चालत होते. मान ताठ, हात मोकळे, पाय एका लयीत पडतायत. ही चाल मी कित्येक वर्षांत पाहिली नव्हती. ही डेपोतून गाडीकडे निघालेल्या माणसाची चाल होती. लग्न ठरायच्या आधी आत्याच्या गच्चीवरून मी ती पहिल्यांदा पाहिली होती आणि हो म्हटलं होतं. क्षणभर मला इतका अभिमान वाटला की पुढं काय होतंय याचं भानच राहिलं नाही. हे फाटकासमोर आले, फाटक ओलांडलं आणि गेले ते गेलेच.

मागून मुलगा येत होता. तो फाटकाशी थांबला आणि वर माझ्याकडे बघितलं. त्याचा चेहरा पडला होता. हाक मारू का, असं त्यानं हातानंच विचारलं. मला हो म्हणावंसं वाटलं. देवाशपथ, हो म्हणावंसं वाटलं. पण ठरलं ते ठरलं. मी जोरानं मान हलवली, नाही. तो निमूट ह्यांच्या मागून गेला आणि दोघंही खिडकीच्या बाहेर दिसेनासे झाले.

पाच वीस झाले. पाच तीस झाले. ज्या बिछान्यांवर पेशंट होते त्या सगळ्यांचे नातेवाईक येऊन बसले, फळं सोलली गेली, गप्पा झाल्या. शेजारच्या खाटेवरच्या आजींना मी सगळी हकीकत सांगितली होती. त्या म्हणाल्या, “काखेत कळसा अन् गावाला वळसा. पुरुषांचं असंच.” मला त्यांचा राग आला. पावणेसहा झाले. मी मनातल्या मनात बॅग भरायला घेतली. शिलाई मशीन कोणाला द्यायचं इथपर्यंत मी पोचले होते.

पावणेसहा वाजून गेल्यावर वॉर्डाच्या दारातून पावडरचा वास आला. वासामागून हे आले. टोपी हातात, केस बारीक कापलेले, मानेवर पांढरी पावडर. ह्यांच्यामागून मुलगा, त्याचं तोंड उघडंच.

“आई,” तो म्हणाला, “हे सलूनमध्ये जाऊन बसले!”

“आधी बसू दे मला,” हे म्हणाले, आणि चाचपत माझ्या खाटेच्या कडेला टेकले. मग सगळं सांगितलं. कोंबडी वीस मिनिटांनी ओरडली. हे ठरल्याप्रमाणे डावीकडे वळले. समोर दार होतं, आत पांढऱ्या कपड्यातला माणूस दिसला, स्पिरिटचा वास आला. ह्यांनी त्याला विचारलं, “दुसऱ्या मजल्यावर जायला जिना कुठं?” तो म्हणाला, “जिना कशाला? इथंच बसा, काका.” हे बसले. त्यानं गळ्याभोवती पांढरं कापड गुंडाळलं. ह्यांना वाटलं, भेटायला येणाऱ्यांसाठी नवा नियम निघाला असेल. कात्रीचा आवाज आला तेव्हा उलगडा झाला.

“मग उठायचं नाही का?” मी म्हटलं.

“उठून कुठं जाणार? आधी मी कुठं आहे ते कळायला हवं. त्याला विचारलं, हॉस्पिटलचं फाटक इथून किती लांब? तो म्हणाला, मागं चार खांब. या रस्त्यावर दोन खांबांत पन्नास मीटर आहेत, म्हणजे दोनशे मीटर जास्त आलो. हे समजून घेईपर्यंत त्यानं अर्धं डोकं कापलं होतं. अर्ध्या डोक्यानं तुझ्याकडे आलो असतो तर चाललं असतं?”

आजी शेजारून खुदकन हसल्या. माझा जीव भांड्यात पडला होता, पण मी तसं दाखवलं नाही.

“बाबा,” मुलगा म्हणाला, “तुम्ही फाटक चुकलात. हे तरी मान्य करा.”

“मान्य. आठशेच्या जागी हजार मीटर गेलो. पण घड्याळ चुकलं नाही आणि रस्ता चुकला नाही. मग राहिलं काय? वेग. वीस मिनिटांत हजार, म्हणजे मिनिटाला पन्नास. फाटकाकडे परत दोनशे मीटर, पन्नासनं चार मिनिटं. कोंबडी चारवर लावली. ओरडली तेव्हा माझा हात फाटकाच्या गजावर होता. विचार ह्याला.”

मुलगा म्हणाला, “ते खरं आहे. एक पाऊल इकडं तिकडं नाही.”

“पण मैदानावर तर रोज चाळीस यायचे,” मी म्हटलं. “चारशे मीटर, दहा मिनिटं. मीच तर कोंबडी बघायचे.”

ह्यांनी मानेवरची पावडर पुसली. मग हळूच म्हणाले, “ते आपल्या दोघांचे चाळीस होते. मैदानावर मी कधी एकटा चाललोच नाही. जन्मभर पोरांना बोंबलून सांगितलं आणि आज स्वतः तेच केलं. भरल्या गाडीचा वेग धरला आणि रिकामी गाडी काढली.”

“म्हणजे मी ओझं का?”

“ओझं कोण म्हणालं? प्रवासी.” ह्यांनी चाचपून माझा हात धरला. “तुझा गुडघा दुखायचा ना. तुला ताण नको म्हणून मी पाय आखडता घेत होतो. इतकी वर्षं घेतला की माझी चाल तीच असं मलाच वाटायला लागलं.”

मला असा राग आला, असा राग आला की खाटेवरून उठणार होते. “माझा गुडघा? अहो, माझा गुडघा दुखायचा तो जिन्यावर! सपाट मैदानावर मला काही होत नव्हतं. तुम्हाला समोरचं दिसत नाही, भरभर चाललात तर अडखळाल, म्हणून मी हळू चालत होते!”

आजींनी सोलता सोलता संत्रं खाली ठेवलं. ह्यांचा चेहरा माझ्याकडे होता, म्हणजे ह्यांना मी करड्या गोळ्यासारखी दिसत असणार, पण हे माझ्याकडे असे बघत होते की मला माझा पदर सावरावासा वाटला.

“किती वर्षं?” मुलानं विचारलं.

ज्यानं त्यानं मनात हिशोब केला असेल. मुलगा हसायला लागला, मग खिडकीशी जाऊन आमच्याकडे पाठ करून उभा राहिला आणि बराच वेळ तसाच राहिला.

भेटीची वेळ संपल्याची घंटा झाली. तो वळला. त्यानं खिशातून घराची किल्ली काढली, ह्यांच्या तळहातावर ठेवली आणि ह्यांची बोटं स्वतःच मिटवली. “मी रविवारी परत जातो,” तो म्हणाला. “रोज फोन करायचा. आणि उद्या मी मागून येणार नाही. मला धाप लागते.”

ऑपरेशन झालं. त्यानंतरच्या संध्याकाळी मी गुंगीतून पुरती बाहेर आले तेव्हा समोरच्या घड्याळात पाच वाजले होते. मी झोपून घड्याळाकडे बघत राहिले. आठशे मीटर, मिनिटाला पन्नास, सोळा मिनिटं. जन्मात पहिल्यांदा मी टेप न लावता काहीतरी मोजलं. वर जिन्याची दोन मिनिटं मीच मिळवली, ह्यांना जिन्याचं नेहमीच विसरायला होतं. पाच अठराला दारातून ह्यांचा आवाज आला, “खिडकीजवळची खाट, बरोबर ना?” आजी म्हणाल्या, “आलं हो तुमचं घड्याळ.” मला रडू आलं. गुडघा दुखतोय, असं मी सिस्टरला सांगितलं.

किल्ली ह्यांच्याकडेच राहिली. मी घरी आले, काठी आली, मग काठी गेली. डॉक्टर म्हणाले, आता मैदानावर चाला, हवं तेवढं चाला. पहिल्या संध्याकाळी हे मैदानाच्या सुरुवातीच्या खांबापाशी बाकावर बसले आणि फर्मान सोडलं, “आधी तू एकटी एक फेरी मार. तुझा तुझा वेग काढू.” मी मारली. नवा गुडघा कुरकुरला, पण नऊ मिनिटांत आले. मग हे निघाले आणि आठ मिनिटांत आले, टोपी हातात, मान ताठ. मी बाकावरून डोळे भरून बघून घेतलं.

“आता दोघं,” हे म्हणाले. “आणि आज कोणी कोणासाठी हळू चालायचं नाही. सांगून ठेवतो.”

“मला काय सांगता? तुमच्या पायांना सांगा.”

मी कोंबडी दहावर लावली, जुन्या सवयीनं. म्हटलं, ओरडायच्या कितीतरी आधी पोचू. ह्यांनी माझ्या दंडाला धरलं की मी ह्यांच्या, कोण जाणे. सायकलवाल्याला दुसरा मुलगा झाला ते मी सांगितलं. सलूनवाला ह्यांना आता ‘दोनशे मीटर काका’ म्हणतो ते ह्यांनी सांगितलं. सूनबाईनं फोनवर मशीनमधला दोरा कसा ओवायचा ते विचारलं, त्यावर बोलणं झालं. कंडक्टरच्या गोष्टीत आता धुक्याबरोबर वादळही आलंय, त्यावर हसून झालं.

खिशात कोंबडी ओरडली. ह्यांनी हात पुढं केला. हाताला सुरुवातीचा खांब लागला.

“दहा?” ह्यांनी विचारलं.

“दहा.”

“कुठंतरी चुकलंय,” हे म्हणाले. “परत मोजायला हवं.”

मी कोंबडीची मान पुन्हा दहावर पिरगाळली, ह्यांच्या खिशात ठेवली, आणि आम्ही दुसऱ्या फेरीला निघालो.